पाळी गेली, अंगातल्या वाफा कुणाला सांगायच्या?

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या आमच्या या जिल्ह्याच्या गावी, आमच्या वस्तीतल्या विहारात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी सायंकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या दिवशी बाहेर पाऊस होता. हवेत चांगलाच गारवा होता. म्हाताऱ्या बायांनी पदर कानावरून ओढून घेतले होते. वाचन ऐन रंगात आलेले असताना मधल्या रांगेतली एक ताई एकदम उठली, कुणाच्या अंगावर पाय पडतो याचेही तिला भान राहिले नाही, आणि बाहेर जाऊन पागोळ्यांखाली उभी राहिली. आम्ही मागोमाग गेलो. चेहरा लालबुंद, मानेवरून घामाच्या धारा, छाती धडधडतेय. पाचेक मिनिटांत सारे ओसरले आणि ती ओल्या अंगाने थंडीने कुडकुडू लागली.

आत कुजबूज सुरू झालीच होती. एक आक्का म्हणाल्या, "अंगात येतंय जणू हिच्या." दुसरी म्हणाली, "बीपी वाढलं आसंल." आणि तिसरी, जी एरवी विहारात तोंडातून शब्द काढत नाही, ती अगदी हळू आवाजात बोलली : "मायो, मलाबी आसंच हुतंय. दोन वरीस झाले. कुनाला सांगू?"

हा लेख तिच्या त्या प्रश्नासाठी आहे. वाचन संपल्यावर पुरुष मंडळी चहाला गेली. आम्ही बाया मात्र रात्री साडेनऊपर्यंत तिथेच बसून होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेक जणींनी कबूल केले की आम्हालाही हे होते. एकीने आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगितले नव्हते. एकीला वाटत होते की आपल्याला वेड लागत चालले आहे. एकीने या त्रासापायी एका बाबाला अकराशे रुपये आणि कोंबडे दिले होते. ते ऐकून आम्ही रागावलो, पण मग वाटले, ती बिचारी दुसऱ्या कुणाकडे जाणार होती? बाबाने निदान तिचे ऐकून तरी घेतले!

आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने रागवायचे? आमची स्वतःची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी लांबू लागली. कार्यालयात साहेबांपुढे फाईल घेऊन उभे असताना पहिल्यांदा असा झटका आला, तेव्हा आम्ही रुमालाने तोंड पुसत "आज उकडतंय फार" एवढेच म्हणालो. जानेवारी महिना होता! चार बुके शिकलेल्या, सभेत माईकवर बोलणाऱ्या आमची ही गत, तर खराटा आणि कोयता हातात असलेल्या बाईने काय करावे? पुढे एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता "या वयात असं होतंच, मन रमवा" असे सांगून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. तीनशे रुपये फी मात्र मोजून घेतली.

डॉक्टरी भाषेत याला हॉट फ्लॅश म्हणतात. आमच्या बाया 'वाफा' म्हणतात, 'अंगाची लाही होते' म्हणतात. आम्हाला बायांचा शब्द अधिक बरोबर वाटतो, कारण आतून वाफ उसळल्यासारखेच होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती कायमची गेली, असे धरतात. आपल्या देशात हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होते, अमेरिका-युरोपात एक्कावन्नच्या सुमारास. त्याच्या दोन-चार वर्षे आधीपासूनच अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वरखाली होऊ लागते आणि मग घटते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. अंगाचे तापमान राखणे हे त्याचे काम. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की तिथल्या काही पेशी गरजेपेक्षा जास्त चेकाळतात आणि अंगाचे तापमान अगदी रतीभर वाढले तरी मेंदूला वाटते, बाई तापली! मग तो अंग गार करण्याचा हुकूम सोडतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तोंडाकडे, छातीकडे धावते, घाम सुटतो. गार झाल्यावर थंडी वाजते. एक ते पाच मिनिटांचा हा खेळ. कुणाला दिवसातून दोनदा, कुणाला वीसदा. रात्री झाला तर झोपेचे खोबरे. यात ना भूत आहे, ना करणी, ना मागच्या जन्मीचे पाप. दिव्यातले तेल आटू लागले की वात फडफडते, तसे हे समजा.

हे किती दिवस चालते? "सहा महिन्यांत जाईल" असे आजवर डॉक्टरही सांगत आले. अमेरिकेत हजारो बायांची वर्षानुवर्षे विचारपूस करून झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना वारंवार वाफा येतात, त्यांच्यातल्या निम्म्या बायांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाला होता. आमच्या वाचकांनी इथे जरा थांबावे. त्या अभ्यासात काळ्या स्त्रियांचा त्रास सर्वांत लांब चालला, मध्य काढला तर दहा वर्षांहून अधिक. चिनी-जपानी वंशाच्या बायांचा पाच वर्षांच्या आसपास. शिक्षण कमी, मनावर ताण जास्त, अशा बायांच्या वाफा अधिक वर्षे टिकल्या, हेही त्यात आढळले. वंश, अन्न, गरिबी यांतले नेमके काय किती, हा वाद शास्त्रज्ञांनी घालावा. पण अपमान आणि काबाडकष्ट सोसणाऱ्या शरीराचा हिशेब वेगळा निघतो, याचे आम्हाला नवल वाटले नाही. आमच्या सफाई कामगार भगिनींचा असा अभ्यास कुणी दहा-वीस वर्षे चिकाटीने करील, तर काय निघेल?

आता थोडे विटाळाबद्दल. इथल्या धर्मव्यवस्थेने आम्हाला दोन विटाळ लावले, एक जातीचा आणि एक पाळीचा. बाई बाहेरची झाली की कशाला शिवू नये, कुठे बसू नये, कोणते भांडे वेगळे ठेवावे, याचे नियम पानोपानी लिहिले गेले. आणि पाळी कायमची थांबली की तीच बाई एकाएकी 'शुद्ध' ठरते, तिला पूजेच्या पाटावर बसायला मोकळीक मिळते! पण त्या शुद्ध झालेल्या बाईच्या अंगात रात्री दोन वाजता आगडोंब उसळतो, तिला झोप येत नाही, हाडे ठिसूळ होतात, रडू येते, चिडचिड होते, याबद्दल या नियमकर्त्यांना काडीचेही देणेघेणे नाही. बाई प्रजननाच्या कामाची असेपर्यंत तिच्यावर पहारा, नंतर ती आहे की नाही याचीही फिकीर नाही. याउलट थेरीगाथेत आम्रपालीने आपल्या म्हाताऱ्या होत गेलेल्या देहाचे, केसांपासून पायांपर्यंत, न लाजता वर्णन केले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची भिक्खुणी जे चारचौघांत बोलू शकली, ते आम्ही आज घरातल्या घरात बोलू शकत नाही. असो.

आपल्या बायांच्या वाट्याला येणारा त्रास पुस्तकातल्यासारखा नसतो, हे त्या रात्री विहारात कळले. मासिकांत सल्ले असतात : खोली थंड ठेवा, सैल कपडे घाला, झटका आला की शांत बसा. आमची ती ताई, पागोळ्यांखाली उभी राहिलेली, नगरपालिकेत ठेकेदाराकडे झाडू मारते. पहाटे पाचला हजेरी. अंगावर साडी, साडीवर जाडजूड जॅकेट. झटका आला म्हणून खराटा टाकून बसली तर मुकादम ओरडतो. तोंडावर पाणी मारायचे तर पाणी नाही. आणि लघवीला जायची सोय नाही म्हणून ती पहाटेपासून पाण्याचा घोटही घेत नाही. घामाने गेलेले पाणी भरून निघायचे कसे? घरी येते तर पत्र्याची खोली. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्या-विदर्भातला पत्रा दुपारी काय तापतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. बाहेरची आग आणि आतली आग. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भर उन्हात नाचत-गात चालणाऱ्या, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या आमच्या कितीतरी माय-मावश्या या झटक्यांसह चालत आणि उभ्या राहत आल्या आहेत. कुणी विचारले का?

मग उपाय काय? काळामांनी बुद्धांना विचारले होते की इतके जण इतके काही सांगतात, विश्वास कुणाच्या बोलण्यावर ठेवायचा? उपायांच्या बाबतीत आमच्यापुढेही तोच पेच आहे. शेजारीण सांगते मेथी, टीव्ही सांगतो अमुक चूर्ण, औषध दुकानदार सांगतो तमुक कॅप्सूल. पारखून घ्यायला हवे.

आधी घरच्या गोष्टी. सुती कपडे, एकावर एक पातळ थर म्हणजे एखादा काढता येतो, उशाशी माठातले पाणी, ओला रुमाल, हाताशी पंखा. कुणाला गरम चहाने, कुणाला तिखटाने, कुणाला दारूने झटका येतो; ज्याने आपल्याला येतो असे दिसेल ते कमी करावे. यांनी झटक्यांची संख्या घटते असा भक्कम पुरावा नाही, पण ती पाच मिनिटे सोसवतात, आणि यांना पैसेही पडत नाहीत. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने फायदा होतो असे दिसले आहे. व्यायाम आणि योगासने वाफांवर फारशी चालत नाहीत. तरी चालणे सोडू नये, कारण हाडांना आणि हृदयाला ते हवेच. सोयाबीनबद्दल संशोधकांत एकमत नाही. खायला हरकत नाही, पण सोयाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवर पैसे उधळू नयेत. जडीबुटीच्या पुड्यांचेही तेच. आणि मिश्री! हे लिहिले की आमच्या बाया आमच्यावर रुसतात, पण लिहिणारच. धूम्रपान करणाऱ्या बायांना वाफांचा त्रास जास्त होतो आणि त्यांची पाळी एक-दोन वर्षे लवकर जाते, हे सिद्ध आहे. मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच. सकाळी तळहातावर घेऊन दातांना लावली म्हणून ती दंतमंजन होत नाही.

आणखी एक उपाय आहे, तो औषधाविना. झटका आला की मनात "आता सगळे बघतील, आता मी पडणार" असे विचार उसळतात आणि त्रास दुप्पट होतो. त्या विचारांना ओळखून त्यांचे म्हणणे तपासायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत आहे. तिला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. तिने झटके कदाचित तेवढेच राहतात, पण त्यांचा जाच कमी होतो आणि झोप सुधारते, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्या गावात असे समुपदेशक कुठे मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या रात्री विहारात "मलाबी हुतंय" असे एकमेकींना सांगितल्यावर बायांचे चेहरे जे उतरलेल्या ओझ्यासारखे हलके झाले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता औषधांकडे. वाफांवर सर्वांत गुणकारी औषध कोणते, तर जे घटले तेच परत देणे, म्हणजे इस्ट्रोजेन. याचा इतिहास मोठा विचित्र आहे. १९४२ साली, म्हणजे ज्या वर्षी नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची ती ऐतिहासिक परिषद झाली त्याच वर्षी, अमेरिकेत प्रेमारिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. गाभण घोड्यांच्या मुतातून काढलेले संप्रेरक तिच्यात असते. पुढे कंपन्यांनी "सदा तरुण राहा" असा प्रचार करून ही गोळी श्रीमंत गोऱ्या बायांच्या गळी उतरवली. मग २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात, सोळा हजारांहून अधिक बायांवर चाललेला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्र गोळीचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. जगभर घबराट झाली आणि डॉक्टरांनी ही औषधे लिहिणेच सोडले. तेव्हापासून "हार्मोनची गोळी म्हणजे कॅन्सर" हे वाक्य रूढ झाले.

पण त्या अभ्यासातल्या बायांचे सरासरी वय होते त्रेसष्ट! बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेली. आणि स्तनाच्या कर्करोगाची वाढ किती, तर दर वर्षी दहा हजार बायांमागे आठ जास्तीच्या. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते आणि ज्यांना नुसते इस्ट्रोजेन दिले, त्यांच्यात तर स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसलीच नाही. नंतरच्या वर्षांत हे सारे पुन्हा तपासले गेले. साठीच्या आतली, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेली, एरवी निरोगी असलेली बाई फार त्रासात असेल, तर तिला या औषधाचा फायदा धोक्याहून जास्त, असे आज तज्ज्ञांचे मत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा जुना काळ्या चौकटीतला इशारा बऱ्याच अंशी काढून टाकण्याची घोषणा केली. पण म्हणून दुकानातून आणून गिळायची ही गोळी नव्हे. गर्भाशय जागेवर असेल तर नुसते इस्ट्रोजेन घेऊ नये, त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार यांपैकी काही असेल किंवा अंगावरून कारण न कळता रक्त जात असेल, तर हे औषध नको. कातडीवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो.

ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठीही वाटा आहेत. उदासीच्या आजारावरच्या काही गोळ्या अगदी कमी मात्रेत वाफांवर चालतात. पॅरॉक्सेटिन त्यांपैकी एक, व्हेन्लाफॅक्सिन दुसरी. (डॉक्टरांनी ही गोळी लिहिली म्हणजे आपल्याला वेडी ठरवले, असा समज करून घेऊ नये. आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, पॅरॉक्सेटिन त्याच्या आड येते.) रात्रीच्या झटक्यांसाठी गॅबापेंटिन देतात. मेंदूतल्या त्या चेकाळलेल्या पेशींनाच थेट आवर घालणारे फेझोलिनेटंट नावाचे नवे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. अशी नवी औषधे सुरुवातीला महागच असतात. खराटा मारणाऱ्या बाईच्या हाती ती कधी पडणार, हा प्रश्न औषधशास्त्राचा नाही.

इथवर लिहिले ते वयाने पाळी जाणाऱ्या बायांबद्दल. पण त्या रात्री विहारात कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. मावशी म्हणायचे ते सवयीने, वय फार तर अडतीस. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. "माझी पिशवी तिसाव्या वर्षी काढली," ती म्हणाली. "तवापासून या वाफा. डागदर म्हनला व्हता पिशवी काढली की समदं दुखनं जाईल." पाठदुखी आणि अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन ती गेली होती. कॅन्सर होईल अशी भीती घालून तिला टेबलावर घेतले. अंडाशये ठेवली की काढली, हे तिला कुणी सांगितले नाही. कागद तिच्याजवळ नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे हे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे आकडे आले, त्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. म्हणजे जवळजवळ दर सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीच्या चार दिवसांत बसायची सोय नाही, फडाच्या कडेला संडास नाही, पाणी नाही. अशा वेळी "काढून टाक एकदाची कटकट" हा सल्ला बाईला सुटकेसारखा वाटतो. विटाळाचा धर्म, मुकादमाची उचल आणि खासगी दवाखान्याचा गल्ला हे तिघे मिळून तिची पिशवी काढतात. नाव मात्र तिच्या संमतीचे!

पिशवी काढताना अंडाशयेही काढली, तर जे पाच-सात वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. वाफा अधिक जोराच्या येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती काहीशी लवकर थकतात. पंचेचाळिशीच्या आत ज्यांची अंडाशये गेली, त्यांना अडचणीचे काही कारण नसेल तर एरवी पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन द्यावे असा वैद्यकाचा सल्ला आहे. त्या १३ हजारांपैकी किती जणींना हे सांगितले गेले असेल? प्रकरणानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे सारे पुढच्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी झाले. आधीच पिशव्या गेलेल्या बायांच्या अंगातल्या वाफांचे काय, त्यांच्या हाडांचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही.

तेव्हा भगिनींनो, पिशवी काढलेली असेल तर त्या दवाखान्यातून आपला कागद मागून घ्या आणि त्यात अंडाशयाबद्दल काय लिहिले आहे ते लेकीकडून, सुनेकडून वाचून घ्या. दुसरे, सगळाच घाम वाफांचा नसतो. रात्री घाम येतो, सोबत संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला, वजन घटणे असेल, तर तो क्षयरोग असू शकतो. आपल्या वस्त्यांत तो आजही आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. थायरॉईड वाढल्यानेही असेच उकडते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर उतरल्याने घाम फुटतो. छातीत कळ येऊन घाम सुटला तर वाफ समजून बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी थेंबभर का होईना, तर "परत आली वाटतं" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ते कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. बाईचे शरीर ही तिची खासगी भानगड नसून कामाच्या ठिकाणी हक्काचा विषय आहे, हे त्यांनी त्या काळात मांडले. त्याला आता शंभर वर्षे व्हायला आली. आमच्या संघटनांच्या मागणीपत्रांत मात्र पन्नाशीतल्या कामगार बाईसाठी एक ओळ नसते. हजेरीच्या ठिकाणी संडास आणि पिण्याचे पाणी, झटका आला तर पाच मिनिटे बसायची मुभा, वर्षातून एकदा ठेक्यावरच्या बायांचीही तपासणी. यात न देता येण्यासारखे काय आहे? जयंतीला आम्ही रक्तदान शिबिर घेतो, चष्मे वाटतो. आमच्या मंडळात हा विषय आम्ही काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते खाकरले आणि म्हणाले, "ताई, हे बायकांचं बायकांत ठेवा." हेच कार्यकर्ते हिंदू कोड बिलावर दीड तास सुंदर बोलतात!

पागोळ्यांखालच्या त्या ताईला घेऊन आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो. दोन खेपा झाल्या, एक दिवसाची मजुरी बुडाली. थुंकी निर्दोष, थायरॉईड ठीक, रक्तदाब मात्र वाढलेला निघाला, म्हणजे दुसऱ्या आक्काचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि वाफांसाठी कमी मात्रेची दुसरी एक. महिन्याभराने ती म्हणाली की रात्री सहा-सात वेळा उठत होते, आता दोनदा उठते. मिश्री सुटलेली नाही, निम्म्यावर आलीय, असे तिचे म्हणणे. कोपऱ्यातल्या त्या मावशीचा कागद अजून मिळालेला नाही. तो दवाखाना आता दुसऱ्याच नावाने चालतो, तिथले लोक म्हणतात जुने दप्तर आमच्याकडे नाही. आमचा अर्ज गेला आहे.

ताईच्या नवऱ्याने जुन्या बाजारातून एक टेबलफॅन आणला. पहिल्या रात्री त्याने तो फिरता ठेवला होता, दोघांनाही वारा लागावा म्हणून. ताईने उठून मागची खुंटी दाबली आणि पंखा आपल्याकडे तोंड करून बसवला. तेव्हापासून तो तसाच आहे.